दोन शब्द बोलली नाही, पण गोधडी दिली

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोथरूडमधल्या ६२ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. बँकेतून निवृत्त, यजमान हयात नाहीत, मुलगा आणि सुनेसोबत राहतात. सून ३१ वर्षांची, हिंजवडीत नोकरीला. मागच्या वर्षी तिला ऑटिझम आणि जोडीला एडीएचडी (लक्ष एका जागी टिकवणं अवघड जाणं) असल्याचं निदान झालं. भांडणतंटा काही नाही, पण सून 'कोरडी' आहे, असं ताई लिहितात. त्या आजारी असल्या तरी जवळ येऊन विचारत नाही, वाढदिवस विसरते, पाहुणे आले की पाच मिनिटांत आत जाते. ताईंची मोठी बहीण गेली त्या रात्री सून स्वतःची जाड गोधडी घेऊन खोलीत आली, ती ताईंच्या पायांवर टाकली आणि खाली बसून दोन तास लॅपटॉपवर काम करत राहिली. "दोन शब्द बोलली नाही." मधूनच खिडकीत काहीबाही आणून ठेवते, न विचारता फ्रिजवर औषधांचं वेळापत्रक लावते, जेवताना कात्रजच्या पेशवेकालीन नहरीवर अर्धा तास बोलते. ताई विचारतात: तिला माझ्याबद्दल काही वाटतं का? प्रेम काय सांगून करवून घ्यायचं? मुलाला मध्ये घालू, की त्यांना वेगळं राहायला सांगू? गणपतीला घरी पंचवीस-तीस माणसं येतात, त्याआधी काहीतरी ठरवायचं आहे.

ताई,

तक्रार क्षणभर बाजूला ठेवा आणि तुमच्याच पत्रातल्या सुनेच्या गोष्टी तेवढ्या ओळीनं वाचा. गाऊनचं लेबल मानेला टोचतं असं तुम्ही एकदा म्हणालात. पुढच्या आठवड्यात तुमच्या सगळ्या गाऊनची लेबलं शिवण न फाडता उसवलेली होती. हे तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत उरकलंय. लहानपणी बहिणीबरोबर सागरगोटे खेळायचात हे बोलता बोलता सांगितलंत. काही महिन्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत पाच सागरगोटे आले. ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, काष्ठौषधीवाल्याकडे जाऊन मागावे लागतात. म्हणजे कोणीतरी तुमचं बोलणं लक्षात ठेवलं आणि त्यासाठी वाट वाकडी केली.

फ्रिजवरचा कागद तुम्हाला झोंबला. "मला काय कळत नाही का?" त्यावर काय लिहिलंय तेही तुम्हीच कळवलंय: थायरॉईडची गोळी सकाळी सहाला, चहा सातला, कॅल्शियम रात्री जेवणानंतर. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी आणि चहा-नाश्त्याच्या निदान अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवावं लागतं, नाहीतर गोळी शरीरात नीट शोषली जात नाही. तुम्ही दोन्ही गोळ्या सकाळी चहाबरोबर घेत होतात. घरात हे कोणाच्या लक्षात आलं, तर त्या 'कोरड्या' मुलीच्या.

तुमच्या पत्रात एक वाक्य तीन वेगवेगळ्या जागी येतं: "मनात असलं की आपोआप सुचतं." आपल्याकडे हे इतकं मुरलंय की ते कोणी तपासून बघत नाही. त्यात खरं तर दोन दावे आहेत. एक, माया असली की समोरच्याकडे लक्ष जातं. दोन, ते लक्ष आपलं गेलं असतं नेमक्या त्याच गोष्टींकडे जातं. पहिला दावा तुमची सून रोज सिद्ध करते आहे. दुसरा मात्र टिकत नाही. तिचं लक्ष टोचणाऱ्या लेबलाकडे जातं, चुकलेल्या वेळेकडे जातं, एकदाच उच्चारलेल्या सागरगोट्यांकडे जातं. तुमच्या चेहऱ्यावरच्या थकव्याकडे जात नाही, कारण बोलणं ऐकत असतानाच चेहरा, आवाजाची पट्टी आणि न बोललेलं असं सगळं एका वेळी वाचणं हे अनेक ऑटिस्टिक माणसांसाठी मेहनतीचं काम असतं. ते काम ती ऑफिसात दिवसभर करून येते. मीटिंगमध्ये योग्य जागी हसणं, नजरेला नजर देणं, हात शांत ठेवणं, सगळं ठरवून. घरी आल्यावर तो मुखवटा उतरतो. तुमच्यासमोर ती गप्प बसू शकते याचा अर्थ कदाचित असाही असेल की तुमच्यासमोर तिला सोंग आणावं लागत नाही.

ऑटिस्टिक माणसांना दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत, हा समज बराच जुना. २०१२ साली डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, त्यावर उलटा प्रश्न टाकला: बाकीच्यांना ऑटिस्टिक माणसाच्या भावना कुठे कळतात? 'डबल एम्पथी' या नावानं तो मुद्दा ओळखला जातो. गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, खापर मात्र एकाच बाजूवर फुटतं. तिला तुमचा थकवा दिसला नाही. तुम्हाला तिची गोधडी दिसली नाही.

त्या गोधडीबद्दल जरा सविस्तर, कारण तुमचं मन तिथेच अडकलंय. अंगावर सारखा, जड दाब आला की अनेक ऑटिस्टिक माणसांचं शरीर निवतं. हलका, भुरभुरता स्पर्श उलट नकोसा होतो. पाठीवरून हळुवार हात फिरवणं हे तुमच्या लेखी सांत्वन, तिच्या लेखी कदाचित छळ. जड गोधडी हे तिला स्वतःला लागू पडणारं औषध आहे आणि तेच तिनं तुम्हाला आणून दिलं. रोज जिच्याखाली झोपते ती, घरातली दुसरी कुठली नव्हे. मग बोलली का नाही? स्वतःच्या मनात काय चाललंय ते ओळखून त्याला नाव देणं साधारण निम्म्या ऑटिस्टिक माणसांना अवघड जातं. अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात त्याला. 'धीर धरा', 'त्यांची सुटका झाली' ही ठरावीक वाक्यं तिला बहुधा खोटी वाटतात, आणि अशा रात्री खोटं बोलणं तिच्यानं होत नसावं. म्हणून ती बसली. एकाच खोलीत आपापलं काम करत बसणं ही अशा अनेकांच्या लेखी पुरेपूर सोबत असते. लॅपटॉपचं काम तिच्या खोलीत, टेबल-खुर्चीवर जास्त सोयीनं झालं असतं. दोन तास फरशीवर कोण बसतं?

पण त्या रात्री तुम्हाला शब्द हवे होते आणि ते मिळाले नाहीत, हेही तितकंच खरं. गोधडीचा अर्थ आज कळला म्हणून ती उणीव भरून निघत नाही, आणि निघावी असा आग्रह कोणी धरू नये. शब्द मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ते कसे मागायचे, त्याकडे येतोच.

आता नहर. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवा जायच्या वाटा, बांधले, ते पाणी पेठांतल्या हौदांत खेळवलं. हे सगळं तुम्हाला आता तोंडपाठ झालंय असं तुम्ही वैतागून लिहिता. पण तुमचं माहेर पेठेतलं, लहानपणी गल्लीत हौद पाहिल्याचं तुम्हीच सांगितलं होतंत. तिला स्वतःला जे सगळ्यांत आवडतं त्यात तिनं तुमचा धागा शोधलाय आणि ती तो रोज तुमच्यासमोर उलगडते. आवडत्या विषयाची माहिती भरभरून देणं आणि छोट्या वस्तू गोळा करून आणणं या दोन्ही सवयी न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे ऑटिझम-एडीएचडीसारखी मेंदूची वेगळी घडण असलेल्या, माणसांत इतक्या सर्रास दिसतात की वस्तू आणून देण्याला इंग्रजीत 'पेंग्विन पेबलिंग' असं लाडकं नाव पडलंय. अ‍ॅडेली जातीचे पेंग्विन घरट्यासाठी जोडीदाराला खडे आणून देतात, त्यावरून. पुण्यातल्या सुनेनं सागरगोटे आणले, एवढाच फरक.

अर्धा तास ऐकायची ताकद रोज नसते, हे मात्र मान्य. तेव्हा उसासा टाकून किंवा ताट उचलून सुचवू नका, ते तिला कळणार नाही. आणि कळलंच तर नुसता अपमान कळेल, कारण नाही. "आज दहा मिनिटं ऐकते, मग मला बातम्या लावायच्यात" असं आधी सांगा. दहा मिनिटं झाली की "वेळ झाली" म्हणा. यात तिला काही लागत नाही, उलट बरं वाटतं. एकूणच या घरात टोमणा हे हत्यार म्यान करा. टोमण्यातली सूचना पोचत नाही, धार तेवढी पोचते. एडीएचडी असलेल्या अनेकांना नाकारलं गेल्याची भावना फार खोल लागते आणि दिवसेंदिवस सलत राहते. पुणेरी पाट्यांची जगानं कितीही थट्टा करो, काय हवं आणि काय नको ते एका ओळीत स्पष्ट लिहिण्याची ती रीत तुमच्या घराला फार कामाची आहे.

सगळंच गोड मानून घ्या असंही सांगणं नाही. औषधांचा कागद तुम्हाला न विचारता लावला, ही चूकच. पुढच्या वेळी आधी विचारायचं, हे तिला सरळ सांगा. ओटा आवरायचा तुम्हीच, दूध-भाजी बघायची तुम्हीच असं चाललं असेल, तर तो वाटणीचा प्रश्न आहे, मायेचा नव्हे. तो ऑटिझमच्या खात्यावर टाकून गप्प बसू नका. कामं लिहून वाटून घ्या. "घरकामात थोडी मदत कर" याला तिच्यासाठी काही अर्थ नाही. "रात्रीची भांडी तुझी, साडेनऊपर्यंत" याला आहे.

तिनं काही केलं की काय करायचं? त्याच दिवशी, दोन वाक्यांत, नेमकं बोला: काय दिसलं आणि त्यानं काय झालं. "लेबलं उसवलीस. मान खाजायची थांबली." एवढं पुरे. चारचौघांत कौतुक नको, गळामिठी नको, "अगं बाई, माझ्यासाठी एवढं!" असा मोठा आवाज तर नकोच. अशानं होतं काय की ती गोंधळते, चेहरा कोरा होतो आणि तुम्हाला वाटतं, कौतुकाचंही हिला काही नाही. "हे कशाला आणलंस?" असं गमतीनंही विचारू नका; तिला तो खरा प्रश्न वाटेल आणि उत्तर न सापडल्यानं पुढची वस्तू येणार नाही. आणलेल्या वस्तूंना एक जागा द्या, एखादी पितळी वाटी किंवा खिडकीचा एक कोपरा, आणि कामवाल्या मावशींनाही सांगून ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत या वस्तू हमखास केराच्या टोपलीत जातात आणि ते कोणी बोलूनही दाखवत नाही.

एडीएचडीमुळे आणखी एक घोटाळा होतो: वस्तू घेतली जाते आणि द्यायची राहते. तिच्या ऑफिसच्या बॅगेत तुमच्यासाठी घेतलेलं काहीतरी दोन महिने पडून असेल तर नवल नाही. डोळ्यांसमोर नाही ते डोक्यातून गेलं, असा तो प्रकार. वाढदिवसाचंही तेच. तारीख माहीत नसते असं नाही, आज ती तारीख आहे हे वेळेवर वर येत नाही. रुसून परीक्षा घेण्यापेक्षा तिच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन सूचना लावायला सांगा: एक आठवडाभर आधीची, दुसरी त्या दिवशी सकाळी आठची, दरवर्षी आपोआप येणारी. "मी आठवण करून दिल्यावर शुभेच्छा दिल्या तर त्यात काय उरलं?" हा तुमचा प्रश्न वाचतानाच ऐकू येतोय. आपण लग्नपत्रिका फ्रिजवर लावतो, श्राद्धाची तिथी कालनिर्णयवर खूण करून ठेवतो. त्यानं त्यातला भाव कमी झाला असं कोणी म्हणत नाही.

आता शब्द मागण्याबद्दल. एका वेळी एकच मागणी करा, आणि तीत काय, केव्हा, किती वेळ हे तिन्ही असू द्या. "मला बरं नसेल तेव्हा ऑफिसातून आल्यावर माझ्या खोलीत ये आणि 'कसं वाटतंय, काही आणू का' असं विचार. दोन मिनिटं बसलीस तरी चालेल." वाक्यही तयार द्या, त्यात कमीपणा नाही. हे बोलायची वेळ जपून निवडा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून ती घरात शिरते तो क्षण सगळ्यांत वाईट. निदान अर्धा-पाऊण तास तिला कोणी काही विचारू नये. रविवारी सकाळी बोला, नाहीतर सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा. लिहिलेलं पुन्हा वाचता येतं, आवाजाची पट्टी ओळखत बसावी लागत नाही. उत्तर लगेच मागू नका, "उद्यापर्यंत सांग" म्हणा. दुःखाच्या प्रसंगासाठीही आताच सांगून ठेवा: "मी रडत असेन तेव्हा मला कोणी बोललेलं आवडतं. बहिणीच्या आठवणी विचारल्यास तरी चालतील." पुढच्या वेळी ती गोधडीही आणेल आणि प्रश्नही विचारेल. पहिल्या काही वेळा ते पाठ केल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

तिलाही एकदा विचारा, तुला माझ्याकडून काय आवडतं? उत्तर मिळेलच असं नाही. नाही मिळालं तर तुम्ही लक्ष ठेवा. पोह्यांत कोथिंबीर बाजूला काढते का, ठरावीकच पेल्यातून पाणी पिते का, धुण्याची पावडर बदलल्यावर चादर नाकाला लावून बघते का. कोथिंबीर न घालता एक वाटी पोहे वेगळे काढून ठेवणं हे तिच्या भाषेतलं पत्र आहे, आणि ते ती लगेच वाचेल. जवळ घ्यावंसं वाटलं तर आधी विचारा. चालत असेल तर समोरून, घट्ट आणि थोडा वेळ. नको म्हणाली तर विषय तिथेच संपवा.

एक सावधगिरी. हे सगळं आणणं-ठेवणं, नहर, बडबड काही आठवडे पूर्ण थांबलं, झोप-जेवण बिघडलं, आवडत्या विषयातला रसच गेला, तर रुसली म्हणून सोडून देऊ नका. सततच्या ताणानं माणूस पार थकून जातो तेव्हा असं होतं, नैराश्यही असू शकतं. तिच्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यायला मुलाला सांगा. टेली-मानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन १४४१६ वर आहे, तिथे घरच्यांनाही बोलता येतं.

मुलाला मध्ये घालू का, असं विचारलंत. एकदा घाला, दुभाषा म्हणून. तिला काय झेपतं हे त्याच्याकडून समजून घ्या. पण तुमचे निरोप पोचवायचं काम त्याला लावू नका. दोघींच्या मध्ये तो उभा राहिला की दोघीही त्याच्याशीच बोलायला लागतात. वेगळं राहण्याबद्दल म्हणाल, तर ते शिक्षा म्हणून सुचवलंत तर ती अक्षरशः तसंच ऐकेल, 'मी नकोशी झाले' असं. मात्र सहा महिने हे करून बघितल्यावरही आवाज, पाहुणे, स्वयंपाकघर यांवरून सगळे थकलेलेच राहिले, तर त्याच सोसायटीत दुसरा फ्लॅट भाड्यानं बघायला हरकत काय? दोन दारं असली की काही माणसं जास्त येतात-जातात.

असंच पत्र नवऱ्याबद्दल, मुलाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. तुमच्या स्कूटरमध्ये न सांगता पेट्रोल भरणारा आणि लग्नाचा वाढदिवस विसरणारा नवरा, बोलता बोलत नाही पण रात्री सगळ्यांचे फोन चार्जिंगला लावणारा सतरा वर्षांचा मुलगा. वरचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू आहे: दिसलं ते नेमकं बोलून दाखवा, हवं ते नेमकं मागा. निदान झालेलं असो वा नसो, यासाठी ते लागत नाही. आणि निदान नसलेल्या माणसाला घरच्या घरी लेबल लावू नका.

राहिला गणपती. पंचवीस माणसं, टाळ-झांजा, धूप, एकाच वेळी पाच संभाषणं; तिला त्या दोन-तीन तासांत ऑफिसच्या आठवड्याइतका शीण येत असेल. तिला काम द्या, गप्पांचं नको: प्रसादाच्या पुड्या बांधणं, आलेल्यांच्या हातावर तीर्थ घालणं, वाणाची मोजदाद. वेळ ठरवा, समजा साडेपाच ते सव्वासहा, आणि मग ती आत जाणार हे तुमच्या दोघींत पक्कं असू द्या. आरतीच्या वेळी कानात बोळे घालणार असेल तर घालू द्या. मोकळ्या केसांखाली ते दिसतही नाहीत. कोणाकोणाला वाकून नमस्कार करायचा ती नावं आधी लिहून द्या, सगळ्यांना नको, चार-पाच पुरे. नणंदा-जावांनी विचारलं तर "आत आहे, दमलीय, येईल" एवढंच तुम्ही सांगायचं, कपाळाला आठी न घालता. तिचं निदान तिला विचारल्याशिवाय कोणालाही सांगायचं नाही, 'त्यांना कळलं तर समजून घेतील' या भाबड्या आशेनंही नाही. आणि हे सगळं निदान दोन आठवडे आधी बोला, कागदावर लिहून. हरतालिकेच्या रात्री मोदकांची सारणं करता करता सांगितलंत तर त्यातलं काहीच होणार नाही.